पत्र्याखालची जागा

गाडी घेतली ती आईसाठी, आणि गाडी जिथं उभी राहायची तिथपर्यंत आईला चालता येत नव्हतं. हे एवढं सांगितलं की लोक हसायचे. मीही हसायचे, पण आतून चरफडत.

तेव्हा आम्ही मायलेकी बीडमध्ये जुन्या पेठेत राहत होतो. गल्ली अशी, की समोरासमोर दोन मोटारसायकली आल्या तर एकीला मागं सरावं लागायचं, आणि कुणी सरायचं यावरून रोज एक भांडण ठरलेलं. तिथं चारचाकीचं नाव कोण काढणार? म्हणून गाडी मी लांब एका मंगल कार्यालयाच्या मोकळ्या जागेत लावायचे. तिथल्या वॉचमनशी गोड बोलून ती सोय केली होती. पण लग्नाची तारीख आली की त्याचा फोन यायचाच. "मॅडम, उद्या लगीन हाय, गाडी काढा." त्या वर्षी बीडात लोकांनी लग्नं तरी किती लावावीत! दुसऱ्याच्या लग्नानं इतकी वैतागलेली बाई गावात माझ्याशिवाय दुसरी नसेल.

मी सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढते. आईच्या गुडघ्यांचे फोटो मीच काढले, त्यामुळं त्या गुडघ्यांत आता काही उरलं नाही हे मला डॉक्टरांच्या आधी कळलं. उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेली फळी चढायची, रिकामं होऊन उतरायचं, पुन्हा चढायचं, असे कित्येक हंगाम तिनं काढले. वडील गेले, मी नोकरीला लागले, मग तिचा कोयता सुटला. गुडघेदुखी मात्र तिच्याबरोबर घरी आली. एसटीची पायरी तिला चढवेना. तिची धाकटी बहीण दिंद्रुडला, आणि ह्या दोघी बहिणी एकमेकींना भेटल्याशिवाय राहू शकत नाहीत. फोनवर बोलून त्यांचं पोट भरत नाही. म्हणून मी जुनी गाडी घेतली. पांढरी, दाराला एक पोचा असलेली. क्लासला जाऊन चालवायला शिकले.

पहिल्यांदा दिंद्रुडला निघालो तेव्हा आईला गाडीपर्यंत न्यायला मी रिक्षा बोलावली. रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं जायचं?" म्हटलं, "मंगल कार्यालयाजवळ आमची गाडी आहे, तिथपर्यंत." तो मागं वळून माझ्याकडं बघत राहिला. "गाडीत बसाया रिक्षानं निघालाव व्हय? मंग चला की रिक्षातच दिंद्रुडला." आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मला मात्र ते झोंबलं. त्या दिवशीच मी ठरवलं, घर बदलायचं. खोल्या कशाही असोत, गाडी दारात उभी राहिली पाहिजे, आणि घरातून गाडीत बसायला आईला एक काठी आणि माझा खांदा पुरला पाहिजे.

ठरवणं सोपं होतं. मी एक एजंट गाठला. तो विमाही विकायचा, प्लॉटही विकायचा आणि मधल्या वेळात घरं दाखवायचा. पहिल्याच बिल्डिंगपाशी मी विचारलं, "पार्किंग?" तर तो हात लांब करून म्हणाला, "ही काय मॅडम, एवढी मोठी!" तो दाखवत होता तो नगरपालिकेचा रस्ता होता. दुसऱ्या ठिकाणी नकाशात पार्किंग होतं म्हणे, पण तिथं आता शटर लागून गाळे झाले होते. एकात मोबाइलचं दुकान, एकात झेरॉक्स, एकात केक. तिसऱ्या ठिकाणी जिन्याखाली स्कूटीपुरता कोनाडा होता. मी म्हटलं, माझी चारचाकी आहे. घरमालक म्हणाले, "दोन चाकं आत येतील, दोन बाहेर राहू द्या." ते गंमत करत नव्हते.

आणि जिथं जागा खरंच होती, तिथं वेगळाच पेपर सोडवावा लागायचा. घर दाखवणारा माणूस गाडी कुठली हे आधी विचारत नाही. आधी "तुमी कुठले?" मग "आडनाव?" आमचं आडनाव असं की ते चार समाजांत सापडतं, त्यामुळं समोरच्याचं काम अवघड होऊन बसायचं. मग तो जरा जवळ सरकून आवाज बारीक करायचा, "मंजी तुमी त्यांच्यातले का... ह्यांच्यातले?" मी मुद्दाम मोठ्यानं सांगायचे, "बौद्ध." आईनं लहानपणापासून एवढं एक पक्कं केलं होतं, की विचारलं तर सांगायचं आणि सांगताना कुजबुजायचं नाही. मग काय, दहा मिनिटांपूर्वी रिकामी असलेली जागा एकाएकी त्यांच्या पुण्याच्या भाच्यासाठी राखून ठेवलेली निघायची. पुण्यात गाडीवाले भाचे असलेली इतकी घरं बीडमध्ये आहेत, हे मला त्या शोधात कळलं.

एका बाईंनी हा पेपर जरा उलटा घेतला. "साहेब काय करतात?"

"साहेब नाहीत."

"अगंबाई. वारले?"

"झालेच नाहीत."

त्या उठून आत गेल्या. चहा मात्र चांगला पाजला त्यांनी, जागा दिली नाही.

घरी येऊन मी आदळआपट करायचे. आई म्हणायची, "कावून जीवाला तरास करून घेती? मी काय कुठं जायची ऱ्हायले व्हय?" ती राहिलीच होती की. विहारातसुद्धा जाणं सुटलं होतं तिचं. खिडकीपाशी बसून गल्लीतली मोटारसायकलींची भांडणं ऐकायची, एवढाच तिचा बाहेरचा वावर. ते बघून मला जास्त राग यायचा.

घर शेवटी एजंटला नाही, माझ्या चुकलेल्या वळणाला सापडलं. संक्रांतीच्या सुमाराला मी बायपासकडच्या एका वस्तीत रस्ता चुकले. गाडी वळवायची तर रस्ता अरुंद, आणि माझं रिव्हर्स तेव्हा देवाच्या नव्हे तर बघ्यांच्या भरवशावर चालायचं. पुढं घे, मागं घे, असा माझा खेळ चालला होता. समोरच्या घरातून पदर खोचलेली, माझ्याच वयाची एक बाई बाहेर आली. थोडा वेळ तिनं तमाशा पाहिला आणि मग मोठं फाटक सताड उघडलं. "अवो, आतमदी घ्या की सरळ! आत वळवा."

आत घराला लागून पत्र्याची लांबलचक शेड होती. एवढी, की माझी गाडी आत गेल्यावर कोपऱ्यात बाहुलीसारखी दिसायला लागली. वर पत्रा, खाली कोबा, आणि शेडमधून घरात जायला एकच पायरी. मी स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राहिले. मग काच खाली करून विचारलं, "ताई, इथं खोल्या भाड्यानं मिळतात का?"

"खालच्या दोन रिकाम्या हायेत. मालक हंगामावर गेलेत, मला बी सोबत पायजेच."

म्हणजे मालक मुकादम. ऊसतोड टोळ्यांना उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देऊन कारखान्यावर नेणारा. हे घराच्या आकारावरून कळायलाच हवं होतं. मी सवयीनं पेपर सोडवायला सुरुवात केली. म्हटलं, "मी आणि आई, दोघीच. लग्न झालेलं नाही. आम्ही बौद्ध आहोत."

"आसा की," ती म्हणाली. "पन पानी आठवड्यानं येतं, टाकी भरून ठेवावी लागती. चालंल का?"

"आणि गाडी? ही इथंच लावायची."

"लावा की. हिच्यासंगं अजून दोन लावा."

मुकादमाचं घर म्हटल्यावर आईनं हातातली भाजी खाली ठेवली. मग म्हणाली, "भाडं आपुन देनार ना त्याला? मंग ऱ्हाऊ की." डिपॉझिट मी त्या बाईच्या हातात ठेवलं, अकरा महिन्यांचा करार झाला आणि आम्ही सामान हलवलं.

काय दिवस होते ते! सकाळी दवाखान्यात जाताना आईला विहाराशी सोडायचं, येताना घ्यायचं. महिन्यातून दोनदा दिंद्रुड. कपिलधारलासुद्धा गेलो एका रविवारी. धबधबा उन्हाळ्याच्या तोंडावर नावालाच ठिबकत होता, पण आई म्हणाली, "पान्याला न्हाई तर न्हाई, गाडीला तरी हवा लागली." मालकीणबाई कधीमधी मागच्या सीटवर बसून बाजाराला यायच्या. मी रिव्हर्समध्ये पटाईत झाले. जुन्या गल्लीतल्या ओळखीच्या बायकांना मी मुद्दाम फोन करून सांगायचे, हो, पार्किंग आहे, छप्पर असलेलं, दारात.

आता माझ्या अकलेचं सांगते. त्या शेडच्या कोब्यावर डिझेलचे काळे डाग होते. भिंतीला दोन जुनी मोठी टायरं टेकवलेली होती. कोपऱ्यात ट्रॉली जोडायचा लोखंडी दांडा पडलेला होता. हाडातली केसाएवढी भेग ओळखून पगार घेणारी मी, हे सगळं रोज बघत होते आणि मला काही दिसत नव्हतं. कोयत्यावर जे घर जगलं त्या घरातली मी. दिवाळीच्या आगेमागे आमची माणसं जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात, अर्धा जिल्हा रिकामा होतो आणि पुन्हा भरतो, हे मला कुणी शिकवायला नको. तरी संक्रांतीला पाहिलेली रिकामी जागा मी बाराही महिने रिकामीच धरून चालले. बाहेरगावच्या माणसानं ही चूक केली तर समजू शकतं, कारण त्याला हा हिशेब ठाऊकच नसतो. बीडचं माणूस असून ती करायला फार खूश असावं लागतं.

पाडवा झाला, आणि एक दिवस दिवे लागायच्या वेळी फाटकाशी ट्रॅक्टर धडधडला. पाठोपाठ दोन ट्रॉल्या. मुकादम परत आला होता. दमलेला, धुळीनं माखलेला, डोळे तारवटलेले. त्यानं ट्रॅक्टर सरळ शेडमध्ये घातला, ट्रॉल्या माझ्या गाडीमागं आडव्या लावल्या आणि हातपाय धुऊन झोपी गेला. माझी गाडी कोपऱ्यात अडकली.

दुसऱ्या दिवशी दिंद्रुडला मावशीच्या नातीचं लग्न होतं. आई भल्या सकाळीच पांढरं लुगडं नेसून, काठी घेऊन दारातल्या खुर्चीत बसली. मी मुकादमाला गाठलं.

"मुकादम, आम्हाला लग्नाला जायचंय. ट्रॉली हलवा."

"हलवितो की. पन गाडी परत आत लावू नका मॅडम. ही जागा ट्रॅक्टरची हाय, पार दिवाळीपस्तोर."

"जागा दाखवूनच मला खोल्या दिल्यात."

"करारात हाय का?"

करारात दोन खोल्या होत्या, न्हाणीघर होतं, टाकीतलं पाणी होतं. पार्किंगचा शब्द नव्हता. गाडी आतच उभी असताना तो लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"बाहेर लावला की रातच्याला ब्याटऱ्या काढून नेतेत लोकं," तो म्हणाला. मग माझ्या गाडीच्या दारावरच्या पोच्याकडं बघून म्हणाला, "तुमची ऱ्हाऊ द्या रोडला. तिला कोन नेतंय!"

त्याचं अगदीच खोटं नव्हतं. पण रस्ता अरुंद, आठवडाभर लावली असती आणि मग लोकांच्या तक्रारी ऐकून पुन्हा शोधायला निघाले असते. पुन्हा तो एजंट, पुन्हा ते पुण्याचे भाचे, आणि आई पुन्हा खिडकीशी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. राग आला की माझं नोकरीतलं मराठी गळून पडतं आणि कोपीतलं वर येतं. कोपी म्हणजे ऊसतोडीच्या फडावरची, उसाच्या पाल्याची झोपडी. माझं बालपण तिथं गेलंय.

"मुकादम, तुमच्या घरानं आमच्याकडून डिपॉझिट घेतलं का न्हाई?"

"घेतलं आसंल."

"तुमच्या धंद्यात आधी घेतलेल्या पैशाला काय म्हनतेत?"

मुकादमाबरोबर आलेला ड्रायव्हर ट्रॉलीच्या चाकाला टेकून तंबाखू मळत होता. त्याचा अंगठा थांबला. "उचल," तोच बोलून गेला.

"उचल," मी म्हटलं. "जागा दाखवून, काम बोलून उचल घेतली तुमी. अकरा म्हैन्याचा हंगाम ठरला. तिसऱ्या म्हैन्यात तुमी फड सोडून निघाले. उचल घेऊन फड सोडनाऱ्याला तुमी काय करता, मुकादम? दारात जाऊन बसता का न्हाई? गावासमोर बुडव्या म्हनता का न्हाई?"

मुकादमाचा चेहरा बघण्यासारखा झाला. आयुष्यभर तो हे वाक्य दुसऱ्याच्या दारात जाऊन बोलला होता. पण तो कच्चा गडी नव्हता. "मी कुठं घेतली?" तो म्हणाला. "मी कारखान्यावर व्हतो. हिनं घेतली, मला इचारलं बी न्हाई."

ह्याचीच मी वाट बघत होते. "मंग? कोयता एकल्याचा आसतो का? नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवरा घेतो, सही त्याची, आन् बायको न इचारता फडात उतरती का न्हाई? माझ्या मायला कुनी इचारलं व्हतं? आता बायकोनं उचल घेतलीय. तुमी बी कोयत्यात हाय. उतरा फडात."

ड्रायव्हरनं तोंड दुसरीकडं वळवलं, पण त्याचे खांदे हलत होते. मालकीणबाई इतका वेळ पायरीवर उभ्या होत्या. त्या खाली आल्या आणि मुकादमासमोर येऊन थांबल्या.

"खरं हाय त्यांचं," त्या म्हणाल्या. "शबुद मी दिला, पैसे मी घेतले. तुमी न्हवता तवा ह्या मायलेकी सोबतीला व्हत्या. ट्रॅक्टर लिंबाखाली लावा."

"आन् ब्याटरी?"

"रोज काढायची आन् घरात आनायची. लईच फिकीर आसंल तर उशाला घेऊन झोपा."

आता मात्र ड्रायव्हर मोठ्यानं हसला. मुकादम एकदा बायकोकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिला. मग त्यालाही हसू फुटलं, नाइलाजाचं, पण हसू होतं. "मॅडम, कोन्या कारखान्यावर व्हती वो तुमची टोळी?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो मान हलवत राहिला. "मंग बरोबर हाय. तरीच." आणि स्वतः ट्रॅक्टरवर चढला.

ट्रॅक्टर समोरच्या मोकळ्या जागेत कडुलिंबाखाली गेला, ट्रॉल्या त्याच्या मागं. मी आईला पायरीवरून उतरवलं. काठी आणि माझा खांदा, एवढंच लागलं. ती पुढच्या सीटवर बसली, लुगड्याचा काठ नीट केला. मी रिव्हर्स टाकला, तर आरशात मुकादम. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून येणारी-जाणारी वाहनं थांबवत होता, आणि मला हातानं बोलावत होता. "येऊ द्या, येऊ द्या! डावीकडं घ्या. अजून. बास!"

मला एकदम गावचा पार आठवला. अंधारात ट्रक लागायचा आणि मुकादम ओरडायचा, चढा, चढा, सरका, अजून कोयते बसायचेत. आई मला काखेत मारून फळकुटाला धरून चढायची आणि भांड्याकुंड्यांवर अंग चोरून बसायची. तो आवाज आला की मी तिच्या पदरात तोंड लपवायचे. आणि आता एक मुकादम, आईची गाडी निघावी म्हणून, रस्ता अडवून उभा होता. खरं सांगते, मला विलक्षण आनंद झाला. कुठल्याही परीक्षेत पास झाल्यावर झाला नव्हता एवढा.

गाडी रस्त्याला लागली. मुकादम आईच्या बाजूला आला, खिडकीशी वाकला. टोळीतलं कुणी गावाकडं निघालं की मुकादम जसं विचारतो, अगदी तसंच त्यानं विचारलं, "मावशी, परत कवा येनार?"

आईनं त्याच्याकडं नीट पाहिलं.

"मुकादमाला सांगून यायचे-जायचे दिस सरले, बाबा," ती म्हणाली. "येईन माझी मी." आणि तिनं काच वर केली.